सुरुवातीची खूण

"मावशी, संगणकाच्या नकाशात जंतूच्या विषाचं जनुक इथूनच सुरू होतं," भाचा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. मावशीनं मात्र खुद्द विषाचं प्रथिन यंत्रात तपासलं होतं, आणि त्याचा एक तुकडा त्या खुणेच्याही आधीचा निघाला. "तुझं यंत्र म्हातारं झालंय." "म्हातारं आहे रे, पण ऐकीव बोलत नाही." त्याच्या याच बोटाला धरून तिनं त्याला चालायला शिकवलं होतं, आज ते त्या खुणेवरून मागे सरकलं. त्या विषाचं खरं टोक वेगळंच होतं, आणि ते पकडायला भाच्यानं बनवलेलं औषध भलतीकडेच चाचपडत होतं. नवं बनवायला महिने लागणार. याच जंतूनं आजारी पडलेल्या त्याच्या आईकडे तेवढे नव्हते. इतक्यात मावशीचा फोन वाजला. बहिणीचा आवाज खोल गेला होता. "त्याला सांग गं, औषध कडूजहर आहे मेलं, पण लेकाच्या हातचं म्हणून बाटली चाटूनपुसून संपवली." "सांगते."