दोन हेडफोन आणि एक हाक

"बाबा, आता हाक मारा. नेहमी मारता तशीच," चिरंजीव बाहेरच्या खोलीतून म्हणाले आणि त्यांनी पहिला हेडफोन कानांवर चढवला.

टेबलावर दोन खोकी उघडी पडली होती. दोन्ही हेडफोन थोराड, कान पुरते झाकणारे, बाहेरचा आवाज अडवायला मागून बंद. एक ठेवायचा, एक परत पाठवायचा. सकाळपासून बायकोला त्यांचं पुराण ऐकवून झालं होतं. पहिला हलका, गाद्या मऊ कापडाच्या, घातलाय हेही विसरायला होतं आणि गाण्यातला श्वाससुद्धा वेगळा ऐकू येतो. दुसऱ्याचा आवाज बोदा, गाद्या रेक्झिनच्या. कान शिजतात आणि चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुततात. बाजारातून चांगला टोमॅटो निवडून आणणं ज्याला आजवर जमलं नाही, तो माणूस हे सगळं डोळे मिटून सांगत होता.

बाबा आतल्या खोलीत खाटेवर. खुब्याचं हाड मोडलेलं. पाणी हवं, कूस बदलायची, भांडं हवं, सगळ्याला एकच उपाय, हाक. सुनेची रजा संपत आली होती. सोमवारपासून दिवसभर घरात बाप-लेक दोघेच. चिरंजीवांचं ऑफिस घरातच, मीटिंगवर मीटिंग. बाबांच्या उशाशी एक घंटी ठेवली होती, पण ती मीटिंगमध्ये वरच्या साहेबांना ऐकू जाते म्हणून चिरंजीवांनी काढून घेतली.

सून दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी होती. सासऱ्यांनी तोंड उघडलं की तिनं हात वर करायचा, म्हणजे परीक्षा चोख होईल, असं नवऱ्यानं बजावलं होतं. लाज तिला एकटीलाच वाटत होती.

"बाळ्याऽ"

हात वर गेला. चिरंजीवांनी तोंड वाकडं केलं. "येतंय ऐकू. लांबून, पण येतंय."

"आलं ना?" म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "बघ सूनबाई, उगाच जिवाला घोर लावून घेत होतीस. तोच ठेव म्हणावं."

उत्तर चिरंजीवांनी दिलं, तेही पहिला काढून त्याचं खोकं बंद करता करता. "तो परत जाणार, बाबा. तुमच्या हाका ऐकत मी कामं कशी करायची? आता दुसरा बघू. जरा जोर लावा."

त्यांनी दुसरा कानांवर चढवला आणि डोळे मिटले. मग म्हातारा कोपरं रेटून जमेल तेवढा वर सरकला आणि त्यानं घसा खाकरला. उभा जन्म भाजीबाजारात लिलाव पुकारलेला तो घसा होता.

"मुलगा एक," त्यानं पुकारलं. "शिकलेला. अंगानं धडधाकट. दोन्ही कान कोरे करकरीत, अजून वापरलेले नाहीत. बोला, काय देता?"

सुनेचा हात ठरल्याप्रमाणे वर गेला.

"हात खाली घे पोरी. तुझ्याच गळ्यात पडेल."

"पडलाय केव्हाच," ती म्हणाली आणि तिनं हात खाली घेतला.

खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटा हातात धरून हसायला लागली. खालून कुणीतरी विचारलं, "काही कमी-जास्त होईल का, आजोबा?"

"फुकट न्या. पण माल परत घेणार नाही."

खाली दोघंतिघं खिदळले. अख्ख्या गल्लीत ज्याला काही ऐकू गेलं नाही, तो बाहेरच्या खोलीत मान डोलावत बसला होता. कान तापून लाल झाले होते. त्यानं एक डोळा उघडला, बायकोचा हात खाली पाहिला आणि कानांवर हेडफोन असलेली माणसं ओरडतात तसा ओरडला, "बाबा, मारा ना हाक. मी कधीचा थांबलोय."

गॅलरीतली बाई हसायची थांबली.

"एक वार," म्हातारा म्हणाला.

चिरंजीवांनी बायकोकडे बघून अंगठा वर केला. हाच ठेवायचा. कानशिलांना चिमटा बसतो, आवाज भिकार आहे, पण हाच.

"दोन वार."

तिसऱ्यासाठी म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाजारात असं तो कधी थांबला नव्हता, थांबलं की भाव पडतो. इथे मात्र तो दाराकडे बघत थांबला.

"सूनबाई," त्यानं हळूच विचारलं, "बघ बरं जरा, काढलाय का त्यानं कानांवरून?"