पामची खोली

जर्मनीतल्या केम्निट्झच्या कडाक्याच्या थंडीत श्टेफनने अंगणातल्या लाडक्या पामच्या झाडाभोवती काचेची खोली उभारली होती आणि आत हीटर रात्रंदिवस चालू होता. घरातलं हीटिंग मात्र त्याने इतकं कमी करून ठेवलं होतं, की त्याच्या बायकोची, हाइकेची, म्हातारी आई स्वयंपाकघरातही कानटोपी घालून बसायची.

"अरे, आईची बोटं निळी पडलीत!" हाइके कडाडली.

"मग त्यांना अजून एक स्वेटर घालायला सांग. वीज-गॅस काय फुकट येतो?"

"आणि तुझ्या झाडासाठी येतो?"

"ते गरम देशातलं आहे गं. गारठून मरेल बिचारं!"

हाइकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात तेवढंच काय ते गरम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्टेफन नेहमीसारखा पायजम्यावरच पामची विचारपूस करायला गेला, तर दार आतून बंद. भुरुभुरु बर्फ पडत होता. त्याने कुडकुडत काच ठोठावली.



आत पामखाली आरामखुर्ची टाकून कॉफी पीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अजून एक स्वेटर घाला, जावईबापू."