ढोलाले तार नसते
सत्तावीस वर्षं रंजूचा रॉक बँड गावोगाव फिरला. जिथे वाजवू दिलं, त्या गावाचं नाव ती ड्रमच्या पेटीवर रंगवायची. सगळ्यात वर बपेरा, मग पवनी, तळाशी बोटभर जागा उरलेली. तिचं स्वतःचं एकोडी मात्र त्यात नव्हतं. पोट्टीनं ढोल बडवायचा नाही म्हणून सरपंच यादोरावांनी तिथे बँडचा पहिलाच कार्यक्रम विजेची तार उपटून बंद पाडला होता. यंदा गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, त्यांनीच मानानं बोलावलं. भर दुपारी गर्दीसमोर ते म्हणाले, "एकोडीचं नाव बपेऱ्याच्या वर लिही, पोरी. जन्मगाव हाये तुयं." "नंबरानं लिहीन, काका. बपेऱ्यानं आमाले आधी ऐकलं." यादोराव तापले. "मंग उपटू का तार?" "उपटा ना! ढोलाले तार नसते. मागच्या खेपेले गिटार बंद पडली होती. ढोल मीच भेऊन थांबवला." रंजूनं काठ्या उचलल्या.