बाबांचा कॅनडा

कॅनडाने आमचा अर्ज दोनदा नाकारला, पण बाबांनी कॅनडाला नाकारलं नाही. इथे आखातात, माबेलातल्या आमच्या घरी दर एक जुलैला तिथला राष्ट्रीय दिन साजरा व्हायचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत गोडाचा शिरा, आणि ताटात मांडलेल्या कॅनडाच्या नाण्यांना आईच्या हातचं हळदकुंकू.

यंदाचा एक जुलै हॉस्पिटलात आला. स्ट्रोकनंतर बाबा कोणालाच ओळखेनात. मला तर ‘अर्बाब’ म्हणायचे, कामावरच्या अरब मालकाला म्हणत तसं. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू दाखवून बघा. म्हणून आईने नाण्यांचा डबा आणला.

“बाबा, पाच सेंटवर कोण?”

“बीव्हर.”

“दोन डॉलरवर?”

“पांढरं अस्वल. शहाण्णव सालापासून.”

सगळं बरोबर. मला धीर आला. मी आईला पुढे केलं.

“आणि ही कोण?”

बाबांनी तिला बराच वेळ निरखलं. मग हातातलं नाणं उलटून पाहिलं.

“राणी. इंग्लंडची. प्रत्येक नाण्याच्या मागे हीच असते.”

नर्सला हसू आवरेना. आईने डब्याचं झाकण लावलं.

“लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला राणी म्हणाले,” ती म्हणाली, “तेही दुसरीच समजून.”