वाट्याची गोळी

"आधी तू घे, मंग मी घेतो," बापूजी खाटेवरून म्हणाले.

विमलताईंनी कॅप्सूल तोंडाकडे नेली, मान मागे टाकून गटागट पाणी प्यायलं आणि पदरानं ओठ पुसले. बापूजींचं समाधान झालं. त्यांनी आपली नारंगी गोळी जिभेवर ठेवली आणि चघळत आढ्याकडे बघत पडून राहिले. विमलताईंची कॅप्सूल मुठीतच होती. बासष्टाव्या वर्षी शाळकरी पोरीसारखी लबाडी करताना त्यांना थोडी गंमतही वाटत होती.

गावात फ्लूची साथ होती. कापूस वेचायला बाया मिळेनात, घरोघरी खोकला. चार दिवसांपूर्वी महागावच्या डॉक्टरीणबाई येऊन दोघांच्याही नाकात काडी फिरवून गेल्या. दुसऱ्या दिवशी सुनेनं, सुरभीनं, दारातूनच सांगितलं, "आत्याबाई, तुमचा रिपोर्ट चांगला आला. मामाजीले फ्लू निघाला."

विमलताईंना काहीच वाटलं नाही. कोरोनात त्यांची धाकटी बहीण दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून साथीचं नाव निघालं की त्यांचे हातपाय गळायचे, जेवण सुटायचं. नाकात काडी घालताना त्यांनी सुरभीचं मनगट लाल होईपर्यंत धरलं होतं. पण नवऱ्याचं नाव ऐकलं आणि भीती कुठल्या कुठे गेली. आत नुसतं बधिर झालं. त्या उठल्या, पदर खोचला आणि बापूजींच्या खाटेला लागून सतरंजी अंथरली. आता या माणसाला जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

सुरभीनं दोन पुड्या आणल्या. बापूजींच्या पुडीत नारंगी, पांढऱ्या, तपकिरी अशा तीन तऱ्हेच्या गोळ्या होत्या. विमलताईंना मात्र सकाळ-संध्याकाळ एकच कॅप्सूल.

"मले कायले? मी तं धडधाकट हाय."

"आजाऱ्यापाशी बसता ना. व्हिटॅमिन हाय, ताकदीची गोळी. एक बी चुकवू नका," सुरभी मास्क नीट करत म्हणाली.

ताकदीची म्हटल्यावर विमलताईंचं डोकं चालू लागलं. या घरात चाळीस वर्षं साय, लोण्याचा गोळा, तुपाची पहिली धार कुणाच्या ताटात पडायची हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांच्या आईनं तेच केलं, सासूनंही तेच. आता घरातला माणूस साथीनं आडवा पडलेला, आणि ताकद गिळायची कुणी, तर बाईनं! हे त्यांना पटेना. बरं, सरळ दिली तर बापूजी घेणार नाहीत. म्हणून त्या कॅप्सूल उघडायच्या, आतली भुकटी त्यांच्या वरणात कालवायच्या आणि रिकामं टरफल चुलीत टाकायच्या.

"वरण कडू लागून राह्यलं वं," बापूजी पहिल्याच घासाला म्हणाले.

"आजाऱ्याचं तोंड कडूच असते. खा मुकाट्यानं."

बापूजींनी सुनेकडे पाहिलं. सुरभीनं नजर खाली घातली. मग त्यांनी खरंच मुकाट्यानं वाटी संपवली, आणि जरा वेळानं आठवल्यासारखे दोनदा खोकले.

गुण दिसत होता. बापूजी दोन भाकरी खात होते, रंग चांगला होता, रात्री शांत घोरत होते. विमलताईंना मनातून फार बरं वाटलं. त्यांचं स्वतःचं अंग मात्र जड झालं होतं. जेवण मातीसारखं लागायचं, मोरीपर्यंत गेलं तरी धाप लागायची. जागरणाचा शीण, त्या म्हणायच्या. सुरभी रोज बोटाला लावायचं यंत्र घेऊन यायची. सासऱ्याच्या बोटाला क्षणभर, सासूच्या बोटाला बराच वेळ.

"डॉक्टरीणबाईले बोलावते आज," चौथ्या दिवशी ती म्हणाली.

"बोलाव. यांले एक डाव दाखवून घेऊ."

डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या, उद्या येते म्हणाल्या.

पाचव्या दिवशी सकाळी विमलताई चहाचा कप घेऊन खाटेशी आल्या आणि त्यांचे गुडघे दुमडले. बापूजींनी खाटेवरून उडी मारली, त्यांना दोन्ही हातांनी उचललं आणि आपल्या जागी निजवलं. उडी चांगली तरण्या माणसाची होती. विमलताईंनी ती पाहिली आणि श्वास पुरत नसतानाही त्या हसल्या.

"सुरभी, अँब्युलन्सले फोन कर!" बापूजी ओरडले. मग तिथंच खाली बसून पुटपुटत राहिले, "पाच दिवस झाले. रोज माह्या डोळ्यासमोर गोळी घेतली हिनं. काहून उतार नाई?"

"कायची घेतली गोळी," विमलताई अडखळत म्हणाल्या. बोलताना छातीत टोचत होतं, पण आता सांगून टाकायला हरकत नव्हती. "माह्या वाट्याच्या साऱ्या तुमच्या वरणात गेल्या. एक बी चुकवली नाई म्या. म्हणून तं अशी उडी मारली तुमी."

बापूजींचा हात त्यांच्या कपाळावर होता, तो तिथंच राहिला. सुरभी दारात फोन कानाला धरून उभी होती. पलीकडून कुणी तरी परत परत गावाचं नाव विचारत होतं.

"अजी, बोला ना काही. रागावले काय?"

"विमल," बापूजी म्हणाले, "मले काही झालंच नव्हतं वं. फ्लू तुह्याच रिपोर्टात निघाला होता."