ताईंच्या वाटचं तीर्थ

या, सरकून जवळ बसा. कीर्तनकार कुमुदिनीताईंची गोष्ट सांगते. आतड्यांच्या सुजेचं त्यांचं दुखणं जुनं, त्यात एकदा आतडं कापलेलं. हल्ली पुन्हा पोट मृदंगासारखं फुगायचं.

डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्यात जंतू माजले असतील तर गोळ्यांनी भागेल. उपाशीपोटी येऊन साखरपाणी प्या, नळीत फुंका, कळेल." जंतू नसले तर काय, हे विचारायचं धाडस ताईंना झालं नाही.

तपासणीच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, "सकाळपासून काही घेतलंत?"

"पळीभर पंचामृत. तीर्थाला नाही कसं म्हणू?"

"मग आज नाही जमणार, उद्या या."

ताईंचा चेहरा खुलला. बाहेर येताच त्यांचे यजमान म्हणाले, "मागच्या खेपेला पेढा, आज पंचामृत. देवाच्या आड किती लपशील?"

"जंतू नाही निघाले तर पुन्हा कापतील हो," ताई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर ताईंनी पुढे केलेला हात मागे ओढला. त्यांच्या वाटचं तीर्थ यजमानांनी घेतलं. मग तपासणीच्या खोलीत साखरपाणी पिऊन, अभंगापूर्वी भरतात तसा श्वास भरून ताईंनी नळीत फुंकलं.

निकाल यायचाय. तोवर तीर्थाला हात पुढे कराल तेव्हा त्यांची आठवण ठेवा.