झिजलेले ब्रेक

जुनी गाडी गॅरेजात चाकं काढून ठोकळ्यांवर चढवली होती. ब्रेकचे लायनर मी स्वतः नवे बसवले. सकाळी बघतो तर झिजून पत्रा उघडा. माल बोगस म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या आणि दुसरे बसवले. गाडी जागची हललेली नसताना तेही रात्रीत गेले.

गाडीच्या मालकीणबाईंना बोलावून घेतलं. याच गाडीच्या अपघातात त्यांचा नवरा आणि मुलगी गेले, त्या तेवढ्या वाचल्या.

त्यांनी ब्रेकच्या ड्रमला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. पेडल पार तळाला दाबलेलं.

"आम्ही दोघी ओरडत होतो, तेव्हा नाही दाबलात," बाई रिकाम्या सीटला म्हणाल्या. "आता पोर गेल्यावर कशाला दाबताय?"

पेडल हळूहळू वर आलं. मग सीटची दबलेली गादीही.